भेगा पाडणारा गवंडी हवा आहे

ओळंबेकाकांचं खरं नाव आता कागदपत्रांपुरतं उरलं आहे. हे नाव त्यांना बांधकामावरच्या लोकांनी दिलं. भिंत उभ्या रेषेत सरळ आहे की नाही हे पाहायला गवंडी दोरीला बांधलेलं वजन सोडतो, तो ओळंबा काकांच्या खिशात कायम असायचा. बाजारात जाताना, सोयरिकीला जाताना, दवाखान्यातसुद्धा. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी गिलावा केला. त्यांच्या गिलाव्याला कधी भेग गेली नाही, असं ते स्वतः म्हणत नाहीत. दुसरे म्हणतात, आणि काका ते खोडून काढत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी परांचीवरून उतरताना पाय घसरला आणि गुडघा गेला. ठेकेदार म्हणाला, "काका, आता घरी बसा, आराम करा." काका घरी बसले, आराम काही जमला नाही. घरातले सगळे कोपरे तपासून झाले, मग शेजाऱ्यांचे झाले. काकू म्हणायच्या, "आता माझी वेणी सरळ आहे का तेही बघून घ्या एकदा."

अशात एक चित्रकार बाई त्या ठेकेदाराच्या साइटवर गेल्या आणि तिथल्या गवंड्यांना म्हणाल्या, "ज्याच्या गिलाव्याला सगळ्यात जास्त भेगा पडतात असा कोणी आहे का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग एकजण अगदी गंभीर चेहरा करून म्हणाला, "आहे की! एकच आहे. पण सध्या घरी असतो." आणि त्याने काकांचा पत्ता दिला.

काकांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ऐकून घेतलं. बाईंच्या चित्रात झाड, घर, माणूस असं काही नसतं. तळ्याच्या तळाचा गाळ, झाडाची साल, पानं कुजून मागे उरलेली शिरांची जाळी, असल्या वस्तूंचं ते असतं. "रेघा मी काढत नाही," बाई म्हणाल्या. "माती वाळताना ज्या काढते, त्या ठेवते." अडचण एकच होती. फळीवर थापलेला गाळ सुंदर भेगाळायचा, पण फळी उभी केली की खपल्या धरून खाली यायचा. तीन फळ्या अशा गेल्या होत्या. पाच आठवड्यांनी प्रदर्शन होतं आणि दालनाची मधली भिंत या चित्रासाठी रिकामी ठेवली होती.

"बाई, तुम्हाला चुकीच्या घरी पाठवलंय," काका म्हणाले. "पोरांनी चेष्टा केली तुमची. आणि माझीही."

आतून काकूंचा आवाज आला, "जा हो! चव्वेचाळीस वर्षं भिंती सुधारल्यात, एक बिघडवून या."

बाईंचं काम एका बंद पडलेल्या छापखान्यात चालायचं. आठ बाय पाच फुटांची प्लायवूडची फळी जमिनीवर आडवी ठेवलेली होती. काकांनी तिच्यावरून तळवा फिरवला. "एवढ्या गुळगुळीत फळीला माती धरून राहील कशाला? तिला हात धरायला काहीतरी द्या की." त्यांनी फळीवर गोणपाट ठोकून घेतलं. त्यावर डिंकाचं पाणी आणि बारीक कापलेला पेंढा घातलेल्या मातीचा पातळ थर दिला, तो ओला असतानाच खिळ्याने ओरबाडला आणि सुकल्यावर वर नुसता गाळ थापला. बाई वहीत लिहून घेत होत्या. काकांना आपलं बोलणं कोणी लिहून घेतंय याची सवय नव्हती. ते जरा जास्तच सावकाश बोलायला लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका बाईंच्या आधी पोचले. किल्ली त्यांच्याकडे होती. फळीच्या उजव्या कोपऱ्यात केसासारख्या चार भेगा दिसत होत्या. पुढे काय झालं ते त्यांना नीट सांगता येत नाही. दहा वाजता बाई आल्या तेव्हा काकांच्या हातात ओली कुंचली होती, बाजूला थापी होती आणि आख्खी फळी आरशासारखी सपाट झाली होती.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही भिंत केलीत."

काकांनी हातातल्या कुंचलीकडे पाहिलं. भेग दिसली की पाणी मारायचं, हे चव्वेचाळीस वर्षं हात करत आला होता. यावेळी त्याने विचारलंसुद्धा नव्हतं. "पोर पडायला लागलं की हात जातो ना, तसा गेला," ते म्हणाले. "दुसरा माणूस बघा. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

बाई उपड्या बादलीवर बसल्या. त्यांना हसू आवरेना. हसून झाल्यावर म्हणाल्या, "वाळायला किती दिवस लागतात?"

"नऊ. दहा धरा."

"माझ्याकडे बावीस आहेत. खरवडून पुन्हा थर द्यायचे म्हणजे एकदाच जमेल. आणि पडझड कशाने होते ते तुम्हाला कळतं, मला कळत नाही. उद्या या."

दुसऱ्या खेपेला काकू सोबत आल्या. लग्नानंतर वीस वर्षं त्यांनी काकांच्या हाताखाली माल वाहिला होता, त्यामुळे घमेलं त्यांना नवीन नव्हतं. गाळ त्यांनीच चाळला, तुडवला आणि उचलून दिला. थर देऊन झाला तशी त्यांनी बादली, कुंचली आणि थापी गोळा केली. "चोराच्या हाती किल्ल्या कशाला द्यायच्या, बाई? हे सगळं मी घरी नेते."

मग नऊ दिवस काका स्टुलावर बसून राहिले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. ज्या भेगा ते जन्मभर बुजवत आले, त्या कशा येतात हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पहिली भेग मन मानेल तशी जाते. दुसरी मात्र पहिलीला येऊन मिळते ती जवळजवळ काटकोनात. थर जाड असेल तिथे खपल्या मोठ्या, पातळ असेल तिथे बारीक. पाचव्या दिवशी त्यांनी बाईंकडून कागद मागून घेतला आणि कोणती भेग आधी आली, कोणती मागून, याचे आकडे टाकायला लागले.

डबा घेऊन आलेल्या काकूंनी फळीकडे बघितलं. "एवढा खटाटोप कशाला केलात? माझ्या टाचा ठेवायच्या होत्या की तिथे." तिघंही हसली. बाईंनी मग खरोखरच काकूंच्या टाचा नीट पाहिल्या, आणि शेजारी पानांच्या जाळ्या ठेवून पाहिल्या. मांडणी तीच होती. त्या दिवशी त्यांनी मोठ्या भेगांत कोळशाची पूड भरली आणि काही खपल्यांवर त्या जाळ्या डकवल्या.

फळी उभी करायला पाच जण लागले. सरळ उभी राहिली तेव्हा खालच्या कडेची एक खपली सुटून पडली, मग नखाएवढी दुसरी.

"दोन," काका म्हणाले.

सगळे थांबले. तिसरी पडली नाही.

बाईंनी दोघांना प्रदर्शनाला बोलावलं. काका सांगतात, हे त्यांच्या आयुष्यात आधी झालं नव्हतं. गिलावा झाला की रंगारी येतो, मग माणसं राहायला येतात, आणि गवंड्याला पुन्हा आत जायचं कारण उरत नाही. किती घरांच्या भिंती केल्या याचा हिशेब नाही. राहत्या घरात पाऊल टाकलेलं एकही आठवत नाही. म्हणून आदल्या दिवशी ते साइटवर त्या गवंड्यांना भेटून आले. पोरं शिव्या खायच्या तयारीत होती. काका म्हणाले, "पोरांनो, उपकार झाले," आणि परत फिरले.

दालनात काका इस्त्रीचा शर्ट घालून चित्रासमोर उभे राहिले. आल्याआल्या त्यांनी खिशातून ओळंबा काढून चौकटीला लावून पाहिला होता, सरळ होती. एका गृहस्थांनी विचारलं, "यात काय दाखवलंय?"

"काही दाखवलं नाही," काकू म्हणाल्या. "वाळलंय."

पलीकडे बाई चार-पाच जणांना काहीतरी समजावून सांगत होत्या. बोलता बोलता त्यांनी काकांकडे बोट केलं, तशी ती माणसं वळून बघायला लागली. काकांना हात कुठे ठेवावेत कळेना. त्यांनी ते पाठीमागे बांधले. तेवढ्यात काकू पुढे झाल्या आणि त्यांनी आख्खा तळवा चित्रावर दाबला.

पहारेकरी धावतच आला. "अहो आजी, हात लावायचा नाही!"

काकूंनी तळवा उचलून पाहिला. त्याला काहीच लागलं नव्हतं आणि खालीही काही पडलं नव्हतं. "पक्की आहे," त्या काकांना म्हणाल्या.

"राहू द्या हो तिला," काका पहारेकऱ्याला म्हणाले. "घमेली तिनेच वाहिलीत."