मांडव असेपर्यंत: न आलेल्या गेमसाठी दौंडमार्गे शिरूर

दौंडला माणसं गाडी बदलायला उतरतात. मी माफी मागायच्या वाटेवर उतरले, आणि तीही एका व्हिडिओ गेमपायी. वय त्रेचाळीस, काम शाळेत भूगोल शिकवण्याचं. आधी हसून घ्या, मग पुढे वाचा.

आमचा एक डावपेचांचा गेम आहे. शहरं वसवायची, धान्य साठवायचं, सैन्य पोसायचं, शेजाऱ्याशी तह करायचा. रोज एक चाल, फोनवरही खेळता येते. त्याचा नवा भाग तब्बल नऊ वर्षांनी पुढच्या महिन्यात येणार होता. त्याआधी दोनदा पुढे ढकलला गेला होता, पण तो विषय आम्ही काढत नाही. हातात होती ती फक्त पावणेदोन मिनिटांची झलक. तिच्यात एका डोंगरामागून धूर निघतो. तो ज्वालामुखीचा की कुणाच्या चुलीचा, यावरून आमच्या ग्रुपवर दोन तट पडले आणि एका गृहस्थांनी रागाने ग्रुप सोडला.

नव्या भागात तिघांचा संघ लागतो आणि नावं आधीच नोंदवायची असतात. मी आणि दौंडच्या प्रज्ञाताई, दोघी झालो. तिसरे हवे होते शिरूरजवळचे आप्पा. हा गेम मला त्यांनीच शिकवला, चाल चुकली की त्याच रात्री समजावूनही सांगायचे. पण आप्पा दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हते.

चूक माझी होती. आप्पांनी ग्रुपवर लिहिलं होतं, "लेकीचं लग्न हाय. मांडव हाय तोवर तह." मी लगेच होकार कळवला. लग्न झालं रविवारी. मंगळवारी मी त्यांचं सगळ्यात मोठं शहर घेतलं. पुण्यात कार्यालय चारला रिकामं करून द्यावं लागतं, साडेचारला दुसऱ्यांच्या खुर्च्या मांडल्या जातात. त्यांच्याकडे लेक-जावई मांडवपरतणीला येऊन जाईपर्यंत मांडव सोडत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही, कारण शहर रिकामं दिसत होतं. आप्पांनी एवढंच लिहिलं, "मांडव उभा होता," आणि ते ग्रुपमधून गेले.

"माफी मेसेजवर मागायची नाही," प्रज्ञाताईंनी बजावलं. "शनिवारी मला सुट्टी आहे. जाऊ."

हडपसरहून सकाळची डेमू पकडली. तिकीट चहा-वड्याहून स्वस्त. उरुळीपर्यंत उभं राहायची तयारी ठेवा, यवतनंतर खिडकी मिळते आणि दोन्हीकडे ऊस सुरू होतो. दौंड स्टेशनातून बाहेर पडलं की रेल्वे कॉलनी चालत दहा मिनिटांवर आहे.

प्रज्ञाताई रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काम करतात. घरात बाबासाहेबांची तसबीर, तिला सकाळचा ताजा हार, खाली कॉम्प्युटर, आणि शेजारच्या भिंतीवर एक लांबलचक तक्ता. मला वाटलं गाड्यांचं वेळापत्रक. जवळून पाहिलं तर नव्या गेममधल्या पहिल्या शंभर चाली होत्या.

"गेम आला नाही अजून," त्यांचे यजमान पोहे देत म्हणाले, "पण तिकडच्या दुष्काळाची हिची तयारी झालीय. इथला गॅस परवा संपला, त्याची नव्हती."

"त्या दिवशी तुमची पाळी होती नंबर लावायची," ताई तक्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

दौंड ते शिरूर थेट एसटी क्वचित मिळते. त्यापेक्षा पाटसवरून चौफुल्याला यावं आणि तिथून न्हावरेमार्गे शिरूरची गाडी धरावी. गळीत हंगाम चालू होता. पाटस यायच्या आधीच कारखान्याच्या मळीचा वास गाडीत शिरला आणि पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आडवे आले. त्यांच्यामागे गाडी मुंगीच्या पावलानं चालते, म्हणून तासभर जास्त धरा. चौफुल्याला उतरून भेळ खाल्ली. तिखट आहे, सोबत दोन मिरच्याही देतात, बहुधा हौसेखातर.

पुढच्या गाडीत आमची चर्चा रंगली. उत्तरेचं धान्य कुणाकडे जाणार, कोण फुटणार, आप्पा आपल्या बाजूला आले तर बाकीचे काय करतील. पुढच्या सीटवरचे टोपीवाले आबा बराच वेळ कान देऊन होते. शेवटी वळले.

"ताई, कंच्या कारखान्याची निवडणूक म्हणायची ही?"

"निवडणूक नाही आबा, गेम आहे. पुढच्या महिन्यात येणार आहे."

"आन् ह्ये आप्पा कुणाच्या पॅनेलला हायेत?"

"तेच विचारायला चाललोय."

"मग मोकळ्या हातानं जाऊ नगा," आबांनी सल्ला दिला. न्हावऱ्याला गाडी थांबली तेव्हा मी उतरून पेढे घेतले.

आप्पांची वस्ती न्हावरे सोडल्यावर शिरूरच्या रस्त्याला आहे. आप्पा रांजणगावच्या एका कंपनीत फोरमन आहेत, घरी ज्वारी आणि थोडा ऊस. दारात त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, भेटल्या. आम्ही कोण ते कळल्यावर त्यांनी आधी आम्हाला एक खोली दाखवली. नवा रंग, नवी खुर्ची, नवा इन्व्हर्टर.

"गेम येतोय का जावई येतोय, तुमीच सांगा," काकू म्हणाल्या. "जावयाला बी रंग न्हवता दिला. कंपनीत आठ दिवसाची रजा टाकलीया. कारण काय लिवलं, तर घरात कार्य हाय!"

आप्पा मागच्या शेतात हुरडा भाजत होते. आम्हाला बघून उठले नाहीत. "बसा. हुरडा खा," एवढंच म्हणाले. हुरडा, लसणाची चटणी, गूळ. मी गाडीत पाठ केलेली सगळी वाक्यं विसरले.

"आप्पा, माझं चुकलं. मांडव कधी सोडतात ते विचारायला हवं होतं. मी मुद्दामच विचारलं नाही."

ते कणसं चोळत राहिले. मग म्हणाले, "शहर जातंय वो, खेळच हाय त्यो. पर त्या शहराचं नाव ध्यानात हाय का?"

होतं. वैष्णवीनगर. पुण्यात असली नगरं दर बसथांब्याला सापडतात, मी दुसऱ्यांदा वाचलंही नव्हतं. जिंकल्यावर मी ते बदलून अनघापूर केलं होतं.

"वैष्णवी माझी लेक. दोन दिस झालं तिला सासरी धाडून. घरात मन लागंना, म्हणून फोन उघडला. म्हणलं, नाव तरी दिसंल. तर तिथं तुमचं नाव."

मला रडू आलं, आणि ते हुरड्याच्या धुरावर ढकलायचीही सोय नव्हती, कारण वारा उलट्या बाजूला होता. मी फोन काढला, जुना गेम उघडला, शहराचं नाव पुन्हा वैष्णवीनगर केलं आणि स्क्रीन त्यांच्यासमोर धरला. "शहरही परत घ्या," म्हटलं.

आप्पांनी चष्मा लावून नाव दोनदा वाचलं. "नाव ऱ्हाऊ द्या. शहर ठिवा तुमच्याकडंच. मी जिकून घेतो कवातरी."

प्रज्ञाताईंना राहवेना. "मग आप्पा, नव्या गेमला आमच्यात येताय ना?"

"न्हाई वो. माझी टीम झाली. मी, वैष्णवी आन् जावईबापू. तेवढंच रोजचं बोलणं व्हतंय लेकीशी." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "जावई माणूस चांगला हाय, पर सैन्याला जेवान द्यायचं इसरतो."

आमचा तिसरा गेला. पण वाईट वाटायच्या आत काकू परातीत भाकरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझं टाका नाव तुमा दोघींबरुबर."

"तुला काय येतंय?" आप्पा.

"त्यो डोंगरामागचा धूर वीटभट्टीचा हाय, येवढं येतंय. दोन म्हैनं तेच बघताय, मी बी बघतीया."

आम्ही तिघांनी झलक पुन्हा लावून पाहिली. नऊ वर्षं वाट पाहणाऱ्या हजारो लोकांत वीटभट्टी कुणालाच सुचली नव्हती. काकूंचं नाव तिथंच नोंदवलं. मी आणलेल्या पेढ्यांतला पहिला आप्पांनी काकूंनाच दिला, जरा धास्तीनेच.

परतीला शिरूरहून नगर रस्त्याने पुण्याच्या एसटी भरपूर आहेत. हाताशी वेळ असेल तर वाटेत वढू बुद्रुकला संभाजी महाराजांच्या समाधीचं दर्शन घ्या, आम्हाला वेळ नव्हता. प्रज्ञाताई पाहुणचाराला तिथेच थांबल्या. काकूंना नकाशा शिकवायचा होता. शिक्रापूरला वाहतूक तुंबली आणि मला पहिल्यांदाच तिचा राग आला नाही.

घरी येऊन आठवडा झाला नसेल, तोच बातमी आली. गेम पुन्हा पुढे ढकलला. नवी तारीख नाही, नुसतं "लवकरच". ग्रुपवर रडारड झाली. प्रज्ञाताईंचा तक्ता भिंतीवर तसाच आहे. आप्पांना रजा मागे घ्यावी लागली आणि घरातलं कार्य का रद्द झालं, ते साहेबांना समजावताना त्यांची पुरेवाट झाली म्हणे.

मी जुना गेम उघडून बघितला. वैष्णवीनगराच्या वेशीबाहेर आप्पांचं सैन्य येऊन उभं होतं. वेढा पडलेला, माझ्याकडे धान्य नाही, चाल त्यांची. मी मनातल्या मनात शहर सोडून दिलं.

संध्याकाळी त्यांनी चाल केली. सैन्य जागचं हललं नव्हतं. खाली दोन वर्षांनी त्यांचा मेसेज होता:

"नवा गेम येस्तोवर मांडव हाय. रविवारी वैष्णवी येतीया. या."