मराठी शाळा म्हणे संत्र्यांनी बंद पाडल्या

मंडळी, राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिलेल्या आमच्या सौंसरकडच्या मराठी शाळा का बंद पडल्या, यावर पुतणी प्रबंध लिहिते आहे. आज तिनं निष्कर्ष दाखवला: संत्र्याच्या बागांमुळे.

"आणि मास्तरांच्या बदल्या?"

"कम्प्युटरनं गाळल्या, काका. तीस कारणं टाकली, जुळणारं त्यानंच निवडलं. तो काय खोटं सांगून राहिला?"

"दोन गावं वगळून हिशेब पुन्हा चालव."

निष्कर्षातून संत्री गेली, विहिरी आल्या.

तीस कारणं ओतली की एखादं योगायोगानंही जुळतं. न्यायशास्त्रात याला हेत्वाभास, कारणाचा नुसता आभास, म्हणतात; प्रबंधात निष्कर्ष.

माझे वडील अशाच एका शाळेत मास्तर, तेही असेच बदलीवर गेले. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. आता यंत्रानं त्यांना कारणांतूनही काढलं.

तुमच्याकडे त्या काळचे मास्तर आहेत का? पुतणी भेटायला येईल, कम्प्युटर घरी ठेवून.