पोरीच्या हातावरची गाठ

जुना ट्रॅक्टर बघायला जाताना मी वेळ सांगून जात नाही. सांगितली, तर विकणारा आपण पोहोचायच्या आधी इंजिन चालू करून तापवून ठेवतो. तापलेलं इंजिन एका किल्लीत लागतं, धूर दाखवत नाही, खोकत नाही. थंड असताना ते काय करतं, हेच घेणाऱ्यापासून लपवायचं असतं. सांगलीत मिरज रस्त्याला माझं जुन्या ट्रॅक्टरांचं यार्ड आहे. दुसऱ्याच्या गॅरेजात ट्रॅक्टर धुण्यापासून मी इथवर आलो, तो असल्या युक्त्या ओळखून. याच युक्तीनं मला फसवलं ते माझ्या थोरल्या भावानं.

भाऊ फौजेतून निवृत्त होऊन वडूजला शेती बघतो. गेल्या उन्हाळ्यात माझी चार वर्षांची मुलगी महिनाभर त्याच्याकडं राहिली. ती त्याला तात्या म्हणते आणि दुपारी त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपते. तो रोज अंधार असतानाच मळ्यात जायचा आणि उन्हं वर आल्यावर घरी यायचा. आम्ही म्हणायचो, फौजेची शिस्त. पावसाळ्यात वहिनींचा फोन आला तेव्हा कळलं, की तो सकाळचा खोकला मळ्यात उरकून यायचा.

"भावजी, ह्यास्नी टीबी निघालाय," वहिनी म्हणाल्या. "आशाताई आल्या हुत्या. घरात राहून गेलेली ल्हान पोरं तपासून घ्या म्हणत्यात."

"दादाला द्या फोन."

"ते मळ्यात गेल्यात."

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन सांगलीच्या दवाखान्यात गेलो. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी वजन केलं, मान चाचपली, छातीचा फोटो काढायला लावला. फोटो साफ आला. मग तिच्या हातावर, कोपराच्या खाली, कातडीच्या आत औषधाचा एक थेंब टोचला. तिसऱ्या दिवशी दाखवायला आणा म्हणाल्या. तोवर हळद नाही, चुना नाही, काही लावायचं नाही.

तिसऱ्या दिवशी तिथं लाल, टणक फुगवटा होता. डॉक्टरीणबाईंनी बॉलपेन बाहेरून आत ओढत आणलं, जिथं अडलं तिथं खूण केली. दुसऱ्या बाजूनं तसंच केलं आणि मधे पट्टी ठेवली. दहा मिलिमीटर किंवा जास्त आलं तर लागण धरायची, हे त्यांनी आधी सांगितलं होतं.

"चौदा," त्या म्हणाल्या.

"त्यात थोडं नुसतं लाल आहे. बारा धरा." तोंडातून निघूनच गेलं.

"लाल मी धरलंच नाही. कडक तेवढंच मोजलंय."

"जन्मल्यावर तिला टीबीची लस टोचलीय. त्याचं थोडं असणार की यात. तेवढं वजा करा आणि नऊ करून टाका."

"नऊ लिहिलं म्हणून तिच्या अंगातलं काही कमी होणार आहे का?" त्यांनी पट्टी खिशात ठेवली. "तिची जंतूशी गाठ पडलीय, एवढं धरून चला."

आमच्या घरात एक आत्या गाठीनं गेली. त्या आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं, नुसतं 'गाठ निघाली' म्हणायचे आणि आवाज खाली आणायचे. मला तेवढाच एक शब्द ऐकू आला. मी उठून उभा राहिलो.

"परवा फोटो साफ म्हणालात, आज गाठ म्हणताय. कुठं हाय गाठ? दाखवा मला."

बाकड्यावरच्या बाया वळून बघायला लागल्या. मुलीनं शांतपणे हात पुढं केला. "ही काय पप्पा, गाठ."

"अहो, गाठ पडली म्हणजे भेट झाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ता तुमची-माझी पडलीय तशी."

"असली गाठ नगं बाई पडाय कुणाची," बाकड्यावरची एक म्हातारी म्हणाली, ती माझ्याकडं बघून.

मी खाली बसलो. मग त्यांनी नीट समजावलं. हातावर टोचलं त्यात जिवंत जंतू नव्हता, त्याच्या अंगातलं थोडं द्रव्य होतं. शरीरानं तो जंतू आधी पाहिला असेल, तर ते त्या द्रव्याला ओळखतं आणि रक्तातल्या लढणाऱ्या पेशी तिथं गोळा होतात. फुगवटा म्हणजे ती गर्दी.

"ओळखतंय, तर मारून का टाकत नाही?"

"सगळे जंतू मरत नाहीत. उरतात त्यांना पेशी घेरतात, भोवती भिंत घालून कोंडून ठेवतात. तुमच्या वयाला ती भिंत बहुतेक वेळा टिकते. हिच्या वयाला बांधकाम ओलं असतं. ओल्या भिंतीतून जंतू निसटला, तर फुफ्फुसात पसरतो, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. आज ती आजारी नाही, तिच्यापासून कुणाला लागणारही नाही. पुढं आजारी पडू नये म्हणून सहा महिने रोज गोळी."

"आणि शून्य आलं असतं तर?"

"तरी गोळी दिलीच असती. घरातला माणूस आजारी आणि ही पाच वर्षांच्या आतली. एवढी लहान मुलं कधी कधी ओळखायलाच उशीर लावतात."

"मग मोजलं कशाला?"

"तुम्हाला भाव करायला," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

त्याच आठवड्यात मी एकटाच वडूजला गेलो. भाऊ गोठ्यापुढं खाटेवर बसला होता, तोंडाला टॉवेल. फार वाळला होता. मी लांब उभा राहिलो.

"सांगायचं हुतंस."

"माझ्या पोरीची सोयरीक चालली हुती रं. पाटणची मंडळी. कुणकुण लागली असती तर मोडली असती."

"आणि माझी पोर?"

"मला नुसता खोकला हाय एवढंच ठाव हुतं. टीबी हाय म्हणून कोण सांगिटलं हुतं मला?"

"मग मळ्यात जाऊन का खोकत हुतास?"

तो बैलाकडं बघत बसला. मी गाडीकडं वळलो तेव्हा म्हणाला, "आता कवा पडायची गाठ, तिची नि माझी?"

"न्हाई पडायची," मी म्हणालो.

घरी गोळीचं काम माझ्याकडं होतं. पोर माझीच आहे, भाव केल्याशिवाय काही घेत नाही. दुसऱ्या दिवसापासूनच तिनं अट घातली: तात्याला फोन लाव, मग घेते. रागावून पाहिलं, आमिष दाखवून पाहिलं. तिनं तोंड उघडलं नाही. मग रोज सकाळी मी व्हिडिओ लावून द्यायचो आणि फोन लांब धरून दुसरीकडं बघायचो. पलीकडं तो आपल्या गोळ्या तळहातावर घेऊन बसलेला असायचा.

"तुमी आधी, तात्या."

"न्हाई, आधी तू. ल्हानानं आधी."

शेवटी दोघं एकदम गिळायची.

त्याचा बेडका आता साफ आहे, त्याच्यापासून धोका नाही, मुलीला नेलंत तरी चालेल, असं त्याचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई मधेच म्हणाल्या होत्या. मी नेलं नाही. कागदावर साफ असलेले पुष्कळ ट्रॅक्टर मी पाहिले आहेत.

संक्रांतीनंतर दोघांच्याही गोळ्या संपल्या. मुलीची तब्येत उत्तम होती आणि तिनं वडूजचा धोशा लावला. मी कुणाला न सांगता एकटाच गेलो, रात्री तिथंच झोपलो आणि पहाटे जागा होऊन पडून राहिलो. थंडी कडक होती. भाऊ उठला, कडी काढून अंगणात गेला. मी मागोमाग गेलो. तो उघड्यावर उभा राहिला, गार पाण्यानं तोंड धुतलं, चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ केला. धूर तोंडावर आला तरी खोकला नाही.

"झाली का ट्रायल?" मागं न बघता त्यानं विचारलं.

"झाली."

"मग आण की पोरीला. पंधरा दिस ठेव."

"चार."

"धा."

"सहा. शाळा हाय तिची."

"बालवाडीला काय बुडतंय रं. आठ."

"आठ," मी म्हणालो.

मी त्याला माफ केलेलं नाही, आणि ते त्याला माहीत आहे. नाहीतर माझा थोरला भाऊ आहे तो. दहाच्या खाली आला नसता.