भागोजी अजून उभाच आहे

देवरूखच्या पुढे सहा किलोमीटरवर जी वाडी लागते, तिथे श्रीपतीकाकांनी त्रेचाळीस वर्षं नाटकाचं प्रॉम्प्टिंग केलं आणि त्रेचाळीस वर्षांत त्यांचं नाव एकदाही हँडबिलावर छापून आलं नाही. देवळाच्या उत्सवात वाडीचं ऐतिहासिक नाटक व्हायचं. दरवर्षी तेच, कारण दुसऱ्या नाटकाचे कपडे शिवलेले नव्हते. हँडबिलावर नटांची नावं असत, पडदेवाल्याचं असे, लाऊडस्पीकरवाल्याचं असे, एका वर्षी तर चहावाल्याचंही होतं. काका डाव्या विंगेत वही आणि बॅटरी घेऊन उभे. मंडळाचा अध्यक्ष गुरुप्रसाद दरवर्षी म्हणायचा, काका, जागा पुरली नाही. काका हसून सोडून द्यायचे, पण ते त्यांच्या मनाला लागायचं.

शाळेतल्या कारकुनीतून सुटल्यावर त्यांना लिहायची खाज आली. वाडीचे जुने नट एव्हाना एकेक करून वर गेले होते. काकांनी त्यांना स्वर्गात एकत्र आणलं आणि ती गोष्ट ते मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थोडी थोडी टाकू लागले. भागोजी राजा. काशीराम राणी, कारण जिवंतपणीही तोच राणी व्हायचा आणि मिशी काढली की वाडीत त्याच्याइतकी देखणी बाई नसायची. अध्यक्षस्थानी इंद्र. पहिला अंक रंगला. दुसऱ्या अंकात भागोजी दरवर्षी ज्या वाक्याला अडायचा तिथेच अडला आणि सवयीने त्याने डाव्या विंगेकडे पाहिलं, तर विंग रिकामी. ‘भागोजी अजून तिथेच उभा आहे,’ असं लिहून काकांनी भाग संपवला. आपल्यावाचून स्वर्गातही अडतं, एवढंच त्यांना सुचवायचं होतं.

वाडीने ते भलतंच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच भागोजीच्या मुलीचा, दर्शनाचा, डोंबिवलीहून फोन आला. अप्पांचे गुडघे जन्मभर दुखत होते, आणि तुम्ही त्यांना कालपासून उभं केलंत? काकांनी घाईघाईने पुढच्या भागात भागोजीला सिंहासनावर बसवलं. लगेच काशीरामची बायको कमळा विचारायला आली, की मग आमच्या ह्यांनी काय पाप केलंय. राणीला स्टूल दिलं. बसायची सोय झाली, पण नाटक काही पुढे सरकेना. का सरकत नाही, ते हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. प्रॉम्प्टर अजून खालीच होता.

मग लोक काकांच्या तब्येतीची चौकशी करू लागले. त्यांच्या पत्नीला, सुमेधाकाकूंना, आधी बरं वाटलं. गुरुप्रसाद शहाळी घेऊन आला, बी.पी. किती असतं म्हणाला आणि आकडा ऐकून हिरमुसला. शेजारच्या लवूने तंबाखूची डबी आणून दिली. त्याचा थोरला भाऊ नाटकात सेनापती व्हायचा. घाई नाही, पण निघाल तेव्हा भावासाठी एवढी न्या, असं लवूचं म्हणणं. काकांनी रत्नागिरीला जाऊन कार्डिओग्राम काढला आणि तो नॉर्मल आला, तेव्हा वाडीत थोडी निराशाच पसरली. काकूंनी डबी कुंपणापलीकडे भिरकावली आणि बजावलं, की चार दिवसांत त्या भागोजीला मोकळं करा, नाहीतर तुमचा फोन विहिरीत जाईल.

काका आता खरोखर घाबरले. त्यांनी विंगेत चित्रगुप्ताला उभं केलं. पण चित्रगुप्ताच्या हातात त्याचीच पापपुण्याची वही. त्याने तीच वाचली, आणि भागोजी खणखणीत आवाजात बोलून गेला, ‘काशीरामच्या परड्यातले दोन फणस मीच नेले!’ देवांनी टाळ्या वाजवल्या. नाटक होतं तिथेच राहिलं आणि तासाभरात कमळा काकांच्या पायरीवर हजर झाली. काकांनी शपथेवर सांगितलं, की फणसांचं मी मनचं लिहिलंय. तिने ते ऐकूनही घेतलं नाही. एवढे मोठे दोन फणस एका खेपेत उचलणारा वाडीत दुसरा होता कोण, म्हणाली. काकूंनी आणलेला चहा ती प्यायली आणि मग आवाज उतरवून बोलली.

“भाऊ, भागोजी कदी इसरला नाय. वाक्य पाठ व्हता त्याला. आमच्या ह्यांनी एकदा इचारलानी, तर म्हणाला, श्रीपतीचा आवाज आला की मना धीर येतो. म्हणून थांबायचा.”

ते वाक्य होतं, ‘सेनापती, आम्ही एकटे नाही.’ भागोजी होता तोवर दरवर्षी ते त्यांनी अंधारातून हळूच पुरवलं होतं, आणि भागोजीच्या डोक्यात बटाटे भरलेत असं दरवर्षी घरी येऊन काकूंना सांगितलं होतं. भागोजी गेला त्यालाही आता सहा वर्षं झाली होती. काका उठून मागच्या पडवीत गेले आणि तिथे बसून पोटभर रडले.

संध्याकाळी त्यांनी शेवटचा भाग लिहिला. भागोजी सिंहासनावरून उठला. डाव्या विंगेकडे त्याने एकदा पाहिलं आणि कोणी न सांगता म्हणाला, ‘सेनापती, आम्ही एकटे नाही.’ नाटक पार पडलं, इंद्राने नारळ दिले. हे पाठवताना काकांचा अंगठा बराच वेळ थांबला होता. आपली जागा त्यांनी आपल्याच हाताने खोडली होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं बी.पी. कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेही त्यांना थोडं लागलंच.

उत्सव जवळ आला तेव्हा गुरुप्रसाद एक हँडबिल घेऊन आला. मंडळाने जुन्या नटांच्या आठवणीसाठी स्वर्गातल्या नाटकाचं हँडबिल छापलं होतं. राजा : कै. भागोजी. राणी : कै. काशीराम. खाली सेनापती, प्रधान, सगळे कैलासवासी. सर्वांत शेवटी ठळक अक्षरांत, ‘प्रॉम्प्टर : श्रीपती (सवडीने येतील)’.

“काका, ह्या वेळी जागा पुरली,” गुरुप्रसाद म्हणाला आणि बूट घालून निघाला.

काकांच्या हातातून तो कागद काकूंनी घेतला. दोनदा वाचला. मग पेन शोधून आणलं, ‘सवडीने’ या शब्दाखाली जाड रेघ मारली आणि कागद ओटीच्या भिंतीवर डकवला.