द्वारकाअक्काची मालिका

द्वारकाअक्का गेल्याची बातमी मला तिच्याच गावातल्या कमलने दिली, अमळनेरच्या एसटी स्टँडजवळच्या बूथवरून. मी जळगावला बँकेत होते, काउंटरवर गर्दी होती. "ताई, मी कमल," एवढं बोलून ती थांबली. मागे बसचा हॉर्न वाजत होता... "सकाळी अंघोळ करून अक्का बालवाडीत निघाली होती. ओट्यावर बसली ती उठलीच नाही." वय काही फार नव्हतं, पंचावन्नच्या आसपास. आज महिना उलटून गेला, आता कुठे चार ओळी लिहायला हात धजावतोय.

अक्काची आणि माझी ओळख अकरा वर्षांपूर्वीची. मी अमळनेरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मोडकंतोडकं का होईना, इंग्रजी बोलायचे. बोरी नदीकाठच्या एका गावात दोन परदेशी पाहुणे येणार आहेत, त्यांना दुभाषी हवी, असं सरांनी सांगितलं. एका तरुण मंडळाची ती योजना होती. गावातल्या बायकांनी स्वतःच्या जगण्यावर पाच भागांची व्हिडिओ मालिका करायची. गोष्ट त्यांची, निर्णयही त्यांचेच. पाहुण्यांनी कॅमेरा आणि आवाजाचं काम शिकवायचं. कॅमेऱ्यासाठी केनियाची वांजिरू आली होती, आवाजासाठी डेन्मार्कचा येन्स. दोघंही माझ्याच वयाची. आणि बायकांची पुढारी होती बालवाडीची बाई, सातवी पास द्वारकाअक्का. पहिल्याच दिवशी तिने वांजिरूचं 'अंजिरा' केलं आणि येन्सचं 'जेनूभाऊ'. महिनाभर दोघं त्याच नावांना ओ देत राहिली.

आम्ही तिघं अक्काच्याच घरी राहायचो. पाहुण्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी अक्का कडकडीत थंडीतही स्वतः थापून वाढायची. गावात वीज असून नसल्यासारखी. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आम्ही पिठाच्या गिरणीत चार्जिंगला लावायचो, म्हणून बॅगेला कायम पिठाचा वास. दुपारी एक ते चार ही बायकांची सवड, तेवढ्यातच शूटिंग. अक्काला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं, पण कोण खरं बोलतंय आणि कोण नाटक करतंय, हे लगेच कळायचं. "परत सांग, हाई तुन्हं नही," असं तोंडावर म्हणायची. रागीटही होती. तिच्या तडाख्यातून पाहुणेही सुटले नाहीत.

मालिकेची गोष्ट बायकांनीच बसून ठरवली. नवरा गेलेल्या एका बाईची, जिचं नाव सातबाऱ्यावर लागत नाही. ती भूमिका कमलने मागून घेतली, कारण ती तिचीच गोष्ट होती. नवरा, संतोष, दोन वर्षांपूर्वी सर्पदंशाने गेला होता. पदरी एक मुलगी. सासरे दगडूआबा तिला जेवायला देत, शेतात राबवून घेत, पण वारस म्हणून तिचं नाव लावायचा विषय काढला की उठून जात.

दुसऱ्या भागाचं शूटिंग कमलच्या अंगणात चालू होतं. आबा मळ्यात असतील असा आमचा हिशेब. ते मध्येच परतले. दारात ती काळी यंत्रं, गोरा मुलगा, गर्दी... त्यांचा संताप अनावर झाला. "मन्हा घरना तमाशा मांडा शे का तुम्ही?" आणि मग सुनेकडे वळून, मुलाच्या मरणाचं खापर तिच्यावर फोडत, "मन्हा आंडोरले खाई गयी, आते जमीन खावाले निंघनी!" कमल तुळशीपाशी खांबासारखी उभी. वांजिरूच्या खांद्यावरचा कॅमेरा मात्र चालूच राहिला होता.

संध्याकाळी अक्काच्या घरी वाद पेटला. वांजिरूचं म्हणणं, आपल्याकडे याहून खरं काही नाही, हे मालिकेत हवंच. अक्का म्हणाली, पोरीची अशी विटंबना चार गावांना दाखवणार असाल तर ती टेप चुलीत घाला, आणि तुम्हीही उद्याच्या गाडीने चालते व्हा. मी वांजिरूला एवढंच सांगितलं, की अक्काला जरा वाईट वाटलंय. वांजिरूने मान हलवली. अक्काने माझ्याकडे बघितलं. "तू पुरं नही सांगं. मन्हा राग तिना तोंडवर दिसना नही." मान खाली घालून मी सगळं सांगितलं, चुलीसकट. आपल्याला इंग्रजी येतं म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्याला कात्री लावायचा हक्क मिळाला, असं मला वाटत होतं. तो गैरसमज त्या संध्याकाळी गेला.

वांजिरूचे डोळे भरून आले. तिने सांगितलं, वडील गेल्यावर काकांनी तिच्या आईलाही शेतातून असंच बाहेर काढलं होतं. तेव्हा तिथे कुणी कॅमेरा घेऊन उभं नव्हतं, म्हणून आजही काका म्हणतात, असं काही घडलंच नाही. मी शब्दन् शब्द अक्काला सांगितला. अक्का वांजिरूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुन्हं बी खरं शे, मन्हं बी खरं शे. पन गोट कमलनी शे. तिलेच इचारा."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खोलीत कॅमेऱ्याच्याच छोट्या पडद्यावर कमलला ती टेप दाखवली. तिने ती दोनदा बघितली. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पन मंग मन्हं बी बोलनं घ्या." तिसरा भाग असा झाला. शेताच्या बांधावर बसून कमल एकटी बोलली. सासऱ्याबद्दल एकही वाकडा शब्द नाही. आबांनी विहीर खोदली म्हणून शेत जगलं, हे मी विसरणार नाही, पण या शेतात माझाही घाम आहे, एवढंच तिचं म्हणणं.

धुळ्याला लग्नाच्या कॅसेट तयार करणारा एक दुकानदार होता. अक्का एसटीने तिथे जाऊन दिवसभर त्याच्या शेजारी बसली आणि "आठे काप, तठे काप" करत तिन्ही भाग जोडून घेतले. मग अमळनेरहून टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर भाड्याने आणला, शाळेच्या खिडक्यांना गोधड्या लावून भरदुपारी अंधार केला आणि गाव बसलं. दगडूआबा येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते आले, दाराशी उभे राहिले, शिव्या देतानाचा स्वतःचा चेहरा बघितला, सुनेचं बोलणं ऐकलं आणि निघून गेले. कमल घरी जायला घाबरली. अक्काने तिला मुलीसकट आपल्याकडे ठेवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी आबा अक्काच्या ओट्यावर येऊन बसले. टोपी काढून हातात घेतलेली. "त्यामा एक चूक शे," ते म्हणाले. "ती इहीर मी नही खंदी. मन्हा आंडोरनी खंदी."

अक्का आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यांना पिऊ दिलं. "आबा, मंग हाई तुम्हीच सांगा ना."

शेवटच्या भागात दगडूआबा विहिरीच्या काठावर उभे आहेत. येन्सने त्यांच्या सदऱ्याला माईक लावला. "हाई इहीर मन्हा संतोषनी खंदी," ते म्हणाले. मग थोडं दूर उभ्या असलेल्या सुनेकडे त्यांनी बघितलं. "आन् माटी हिनी काढी. कमलनी." कॅमेरा बंद झाला तरी कुणी जागचं हललं नाही.

कमलच्या धाकट्या दिराने पुढे बराच त्रास दिला. पण उन्हाळ्यात दगडूआबा स्वतः कमलला घेऊन तलाठ्याकडे गेले आणि सातबाऱ्यावर तिची नोंद लागली. मालिकेच्या प्रती नैरोबीला गेल्या, कोपनहेगनला गेल्या. वांजिरूने पत्रात लिहिलं, की तिच्या आईने ती सगळी बघितली आणि शेवटी फक्त विचारलं, त्या विहिरीला पाणी किती आहे.

तेराव्याला मी गावात गेले. कार्य आटोपल्यावर बालवाडीत डोकावले. तिथली एक भिंत अक्काने कधी रंगवू दिली नव्हती. पोरांची उंची मोजून ती तिच्यावर पेन्सिलीने रेघा मारायची, शेजारी नावं. कित्येक वर्षांची पोरं एकमेकांच्या अंगावर चढल्यासारखी तिथे दिसतात. त्या गर्दीच्या खूप वर 'अंजिरा' आहे, आणि त्याहून वर, अक्काने नक्की स्टुलावर चढून लिहिलेला, 'जेनूभाऊ'. माझं नाव 'अंजिरा'च्या जरा खाली होतं, पुसट झालेलं; ते शोधायला मला बोट फिरवावं लागलं.

बालवाडी आता कमल सांभाळते. त्या दिवशी नव्याने आलेली एक लहानशी मुलगी दाराशी रेंगाळत होती. कमलने तिला हात धरून भिंतीशी उभं केलं, डोक्यावर पाटी आडवी धरली आणि पेन्सिल उचलली.

"सरळ उभी ऱ्हाय," ती म्हणाली. "मान वर कर."