खुंटीवरची दोन बुचं

खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एखादी केस सांगा असं कोणी म्हटलं की मला आधी आठवते ती होडीची चोरी. वर्धा जिल्ह्यात होडीची चोरी! फिर्याद लिहून घेताना आमच्या जमादारांनी दोनदा विचारलं, "होडीच ना?" ठाण्यात सगळे हसले. ठाणेदार म्हणून मी गंभीर चेहरा ठेवला, पण हसू मलाही येत होतं. संध्याकाळपर्यंत ते सगळं हसू आटलं.

फिर्यादी नौदलातून निवृत्त होऊन पिपरी मेघेत घर बांधून राहिले होते. मूळचे इथल्याच शेतकरी घरातले. पाण्याची सवय सुटेना, म्हणून शिडाची एक छोटी होडी आणली होती. अधूनमधून ती धरणावर न्यायची, एरवी घरामागे ठेवायची. मुलीकडे नागपूरला गेलेले हे गृहस्थ देवीच्या विसर्जनाच्या दिवशी सकाळी परतले, तर होडी गायब.

घटनास्थळाचा पंचनामा करायला मी स्वतः गेलो. बंदोबस्ताचा दिवस होता, पण होडी ठेवतात कशी ते बघायचं होतं. दोन लाकडी घोड्यांवर ती पालथी असायची, वर निळी ताडपत्री. जाड साखळी होडीच्या कडीतून ओवून भिंतीतल्या हुकाला कुलूप. डोलकाठी, शीड आणि वल्ही घरात छताखाली टांगलेली. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलेलं होतं. किल्ली कुठं असते असं विचारल्यावर गृहस्थ जरा ओशाळले. व्हरांड्यातल्या चपलांच्या कपाटामागे. एवढी जाड साखळी, आणि किल्ली चपलांमागे. लोक कुलपावर खर्च करतात आणि किल्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून ठेवतात, हे मी आयुष्यभर पाहिलं.

मागच्या दाराजवळ खुंटीला दोरीत ओवलेली दोन बुचं दिसली. मी विचारलं, हे काय?

"होडीच्या दोन्ही बाजूले पोकळ कप्पे असतात साहेब, त्याईची बुचं आहेत," ते म्हणाले. "कप्पे सुकले पाह्यजे म्हणून काढून ठेवतो. पाण्यात घालतानी मीच लावतो. दुसऱ्या कोणाले हे माहीत नाई. हेच मायं खरं कुलूप! चोरानं पाण्यात टाकली की बसन बोंबलत."

"आणि त्यात माणसं बसली तर?"

त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान उतरला. असा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता. मी ती बुचं पंचांसमोर ताब्यात घेतली आणि त्यांनाही ठाण्यात यायला सांगितलं.

किल्लीची जागा माहीत असलेला बाहेरचा माणूस एकच निघाला. होडी धरणावर नेणारा मालवाहू गाडीचा चालक. त्याला बोलावलं. तेवढ्यात हायवेवरच्या जाम गावच्या चौकातला आमचा खबरी फोनवर आला. सकाळीच आम्ही सगळीकडे निरोप दिले होते.

"साहेब, काल एक छोटी गाडी इकडं आलती. निळ्या ताडपत्रीखाली उलटा डोंगा होता. हायवेले नाई गेली, आतल्या गावाकडं वळली."

ते गाव चालकाचंच होतं.

त्याला समोर बसवलं. "मले काई माहीत नाई साहेब," एवढंच तो म्हणे. आवाज चढवला तरी तेच. खोटा आळ आलेला माणूस चिडतो, भांडतो. हा चिडत नव्हता. पाणी मागत होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. जबानी टाळणारे जमिनीकडे बघतात. घड्याळाकडे बघणारा माणूस कशाची तरी वाट बघत असतो.

मी बुचं टेबलावर ठेवली.

"ओळखतो का?"

"नाई."

"ही त्या होडीची. ही नसली की कप्प्यांत पाणी भरतं. वर बसलेल्याला दिसत नाही. होडी जड होत जाते आणि एकदम कलते."

तो उठून उभाच राहिला.

"गाडी काढा साहेब. माया लहान भाऊ बसून राह्यला त्यात. देवी घेऊन."

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. गेल्या वर्षी गावच्या तलावात देवीची मूर्ती काठच्या गाळात रुतली आणि पाणी ओसरल्यावर भंगलेली, उघडी पडली. गावाला ते फार लागलं. भाऊ मंडळाचा अध्यक्ष. यंदा देवी खोल पाण्यातच जाईल, असा शब्द त्यानं गावाला दिला होता. त्या शब्दासाठी मोठ्या भावानं होडी उचलली. सांजच्याला धुऊन जागेवर ठेवणार होता. विसर्जन आटपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

मी तिथल्या ठाण्याला आणि तलावावरच्या बंदोबस्ताला कळवलं. तो भावाला फोन लावत राहिला. फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. आम्ही फिर्यादींनाही गाडीत घेतलं आणि निघालो.

पोहोचलो तेव्हा ढोल थांबले होते. बंदोबस्तावरच्या शिपायानं काठावरून ओरडून पाहिलं होतं, पण गजरात त्याचा आवाज कुठून पोहोचणार? होडीत फळ्या आणि त्यांवर फुलं अंथरलेली, त्यामुळे होडी खाली बसतेय हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ती कलली तेव्हा बाकीच्यांनी उड्या टाकल्या आणि पोहत काठ गाठला. भावानं मूर्ती सोडली नाही. तिच्या वजनाखाली तो गेला. त्याचा सदरा काठावर घडी करून ठेवलेला होता आणि खिशात फोन होता.

पट्टीच्या पोहणाऱ्यांनी त्याला बाहेर काढलं. त्याची आई शेजारी बसली होती. रडत नव्हती. होडी कोणाची, एवढंच तिनं विचारलं. फिर्यादी हात जोडून पुढे झाले. तिनं वर पाहिलं.

"पोरानं विचारून नेली ना भाऊ तुमची नाव?"

चालकानं मान खाली घातली. मी फिर्यादींकडे पाहिलं. ते तिच्यासमोर खाली बसले.

"हो माय," ते म्हणाले. "विचारूनच नेली."

इतक्या वर्षांच्या नोकरीत खोटं पकडणं हेच माझं काम होतं. ते खोटं ऐकून मी टोपी काढली.

कागद कागदाच्या रस्त्यानं गेले. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, चौकशी झाली. चोरीची तक्रार फिर्यादींनी न्यायालयाच्या परवानगीनं मिटवली. होडी मुद्देमाल म्हणून आमच्या आवारात पडून होती. ती सुपुर्दनाम्यावर परत न्यायला ते बरेच दिवस आलेच नाहीत.

या केसनं मला शिकवलं ते पोलीस ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. आपली वस्तू सांभाळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. पण चोर म्हणजे आपल्याला ज्याचं तोंड दिसत नाही असा माणूस, आणि न दिसणाऱ्या माणसावर आपण फार सहज कठोर होतो. मला त्या गृहस्थांचा राग येत नाही. चालकाचाही येत नाही. दोघांनी एकेक गोष्ट पोटात ठेवली, आणि दोन्ही मिळून एका आईच्या पदरात पडल्या. त्या बाईची आठवण आली की आजही जेवण जात नाही.

निवृत्तीनंतर एकदा पिपरी मेघेला गेलो होतो. घरामागे होडी तशीच पालथी, साखळीला नवं कुलूप. खुंटी मात्र रिकामी होती. वाकून पाहिलं तर दोन्ही बुचं होडीलाच, आपापल्या भोकाशेजारी, दोरीनं घट्ट बांधलेली. भोवती लाल रंगानं ठळक वर्तुळं काढलेली.

"आता कोणी चोरून नेली तर?" मी विचारलं.

त्यांनी ताडपत्री नीट ओढून घेतली.

"नेऊ द्या साहेब. नेणारा घरी वापस गेला पाह्यजे."