राब न भाजलेली दाढ

आमच्या घरात शेणावरून भांडण पेटलं, सात-आठ महिने चाललं आणि ते मी जिंकले. हे आधीच सांगून टाकते, कारण सासरची काही माणसं अजूनही ते मामांनी जिंकलं असं सांगत फिरतात. मामा म्हणजे माझे सासरे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमचं गाव कळंबच्या पलीकडे, पुढे भातखाचरं आणि मागे डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी वीजघर होतं. तिथून निघालेल्या जाड तारा आमच्या खाचरांवरून सरळ मुंबईला जात, आणि त्या तारांखाली आम्ही रॉकेलच्या चिमणीची वात सारत बसायचो. मी भिसेगावची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली आणि जिभेने तिखट. नवरा कर्जतला रेल्वेत. तो आईचंही खरं म्हणायचा, बापाचंही खरं म्हणायचा, आणि ड्यूटी आहे म्हणून निघून जायचा.

सासूला मी आत्याबाई म्हणायचे. चाळीस वर्षं ती बाई चुलीपुढे बसली होती. जळण कधी ओलं, कधी नुसत्या शेणी, म्हणजे थापून वाळवलेल्या शेणाच्या गोवऱ्या. घराला खिडकी एक, तीही हातभर. तिच्या छातीचं पार खोकं झालं होतं. एक वाक्य ती धड पुरं करू शकत नसे. "अगं, म्हस सुटली..." एवढं म्हणून खोकायला लागायची, आणि पुढचं ऐकेपर्यंत म्हशीने वालाचा वेल खाल्लेला असायचा. आम्ही हसायचो. हसायचो याची आज लाज वाटते.

कर्जतच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "औषध देतो, पण ही बाई धुरात बसणार असेल तर औषधाचा काही उपयोग नाही. अजून दोन-तीन पावसाळे अशीच बसली तर माझ्याकडे आणू नका." येताना एसटीत आत्याबाई म्हणाली, "त्याला बोलाया काय जातंय? त्याच्या घरी चूल नाय." दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा फुंकणी घेऊन बसली. मी स्वयंपाक हातात घेतला तरी काय, घर एकच, धूर सगळ्यांचाच.

त्या दिवाळीनंतर कळंबच्या बाजारात शेतकी खात्याचा एक माणूस गोबर गॅसचे तक्ते लावून बसला होता. मी त्याच्यापुढे अशी ठाण मांडून बसले की बिचाऱ्याला चहाला उठता येईना. विहिरीसारखा खड्डा बांधायचा, त्यात शेण आणि पाणी कालवून सोडायचं, वर लोखंडी टाकी उपडी ठेवायची. आत गॅस साठतो, टाकी वर उचलली जाते, नळीने गॅस शेगडीला येतो. धूर नाही. आणि गॅस काढून घेतल्यावर जी रबडी बाहेर पडते ती उत्तम खत. म्हणजे शेण जळत नाही, कामाला येतं. मला हे इतकं पटलं की मी तिथेच नवऱ्याचं नाव लिहून दिलं.

मामांना सांगितलं आणि रणच माजलं. कारण होतं राब. भाताचं रोप, आमच्याकडे त्याला आवण म्हणतात, ते तयार करायच्या वाफ्यावर, म्हणजे दाढेवर, उन्हाळ्यात शेण, पाला आणि ऐनाच्या छाटलेल्या फांद्या पसरायच्या आणि जाळायच्या. याला राब भाजणं म्हणतात. जमीन भुसभुशीत होते, तणाचं बी मरतं. मामांच्या राबाचं आवण बघायला आजूबाजूच्या गावची माणसं येत. "सगलं शेन तुज्या खड्ड्यात गेलं तर राबाला काय घालू, माजी हाडं?" ते म्हणाले. "राबाबिगर आवण नाय येत, पोरी. आवण नाय तर भात नाय."

"आणि चुलीवर आत्याबाई किती दिवस राहील, ते सांगा," मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी मामांनी तोडगा काढला. खड्डा बांधा. यंदा दाढा दोन. एक त्यांची, राबाची. दुसरी माझी, राबाविना. माझ्या दाढेत आवण नाही आलं तर खड्डा बुजवायचा आणि चूल पेटवायची. मी ठसक्यात हो म्हटलं आणि गोठ्यात जाऊन रडले. सासूच्या जिवाची पैज मी लावून बसले होते.

आत्याबाई तर मामांच्याच बाजूची. "माज्या छातीपायी घरचं भात घालवू नको गं," म्हणाली, आणि खोकली.

टाकी चौक गावच्या एका गॅरेजात वेल्ड झाली आणि टेंपोतून आली. शेजारीण म्हणाली, सुनेचं आंदण उशिरा आलं वाटतं. खड्डा भरला, टाकी हळूहळू उचलली, नारळ फोडला. अर्धा गाव अंगणात जमलेला. मी काडी लावली. फुस्स करून विझली. दुसरी लावली, तीही विझली. पेटीतल्या काड्या संपल्या. "शेनाला जाळ येतोय व्हय?" कुणीतरी म्हणालं. "तुझ्या चुलीत काय चंदन जळतंय का रे?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने कर्जतला गेले आणि त्या शेतकी माणसाला गाठलं. तो हसायलाच लागला. पहिल्या टाकीत हवा मिसळलेली असते, ती जळत नाही. सोडून द्यायची आणि पुन्हा भरू द्यायची. "हे आधी सांगायला काय झालं होतं?" मी तडकून विचारलं. "सांगितलं होतं ताई. तुम्ही तेव्हा पुढचा प्रश्न विचारत होता."

टाकी पुन्हा भरली आणि निळा जाळ लागला. खरंच लागला. मी आत्याबाईला शेगडीपुढे बसवलं. ती वाकून वाकून बघत राहिली. "जाळ हाय, पन धूर कुटं गेला?" म्हणाली. मग सवयीने फुंकणी उचलून तिने फू केलं आणि माझा एवढ्या कष्टाचा जाळ विझवून टाकला. पहिल्या आठवड्यात तिने तो किती वेळा विझवला असेल, देव जाणे. शेवटी मी फुंकणी लपवून ठेवली.

घरातल्या भांड्यांची बुडं दिसायला लागली. शेणी थापायचं काम सुटलं. पण सगळंच गोड झालं असं म्हणणार नाही. डोंगरावरच्या वाडीतली एक बाई दर दोन दिवसांनी आमच्याकडे लाकडाची मोळी टाकायची. "तुमी मोळी नाय घेनार तं मी कुटं जाऊ?" तिने विचारलं. लावणीला ये, म्हटलं. ती आली, पण लावणी काही बारा महिने नसते.

वैशाखात मामांनी आपली दाढ भाजली. त्या दिवसांत आमचं सगळं खोरं धुराने भरायचं, समोरचा डोंगर दिसायचा नाही, आणि वर ऐनाची झाडं बोडकी उभी असायची. त्या वर्षी एकच दाढ भाजायची म्हणून मामांनी निम्म्याच फांद्या तोडल्या. आज शिकलेली माणसं हवा बदलली, पाऊस बदलला म्हणून सभा घेतात. घ्याव्यात, पण त्या झाडांच्या फांद्या वाचायला सुरुवात आमच्या घरच्या शेणापासून झाली, हे मी छाती काढून सांगते.

माझी दाढ मी उंच वाफा करून घातली आणि तिच्यावर वाळलेली रबडी पसरली. एका सकाळी बघते तर वाफ्याचा एक कोपरा काळाठिक्कर. कुणीतरी पाला टाकून भाजला होता. मामांना विचारलं, तर दुसरीकडे बघत म्हणाले, "कुनी इडी टाकली आसंल." मला सगळं कळलं असं मला वाटलं. म्हाताऱ्याने माझी दाढ नासवायचा घाट घातला. महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले आणि चहा त्यांच्यापुढे आदळत राहिले.

पेरणी झाली. रोज सकाळी उठून मी आधी दाढेवर जायचे. तण उगवलं ते बसून उपटलं, कंबर मोडली. आवण मात्र असं तरारून आलं की बांधावरून जाणारी माणसं थांबायला लागली. खणणीच्या दिवशी बायका रोपं उपटून मुठी बांधत होत्या. मामांच्या दाढेतलं आवण चांगलंच होतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या मुठी जाड भरत होत्या, आणि आमची खाचरं लावून झाल्यावर शेजाऱ्याला द्यायलाही उरल्या. तो भाजलेला कोपरा कुठला, हे मलासुद्धा ओळखता येईना.

मामा घोटाभर पाण्यात येऊन उभे राहिले. माझी एक मूठ उचलून मुळं धुतली, उलटीपालटी करून बघितली.

"पोरी, तो कोपरा मीच भाजला," म्हणाले.

"माहीत आहे. का भाजलात?"

"म्हटलं, सगली दाढ गेली तरी तेवढ्या कोपऱ्यात आवण येल. मग मलाच म्हनता आलं आसतं, आलं की सुनंचं आवण. खड्डा बुजवाया नको." आणि त्यांनी बांधाकडे बघितलं. बांधावर आत्याबाई आमच्या न्याहारीची टोपली घेऊन उभी होती.

तिने सगळं ऐकलं होतं. टोपली खाली ठेवून ती सुरूच झाली. पोरीच्या दाढंत चोरून जाळ लावाया तुमाला लाज नाय वाटली, आन् लावला तं लावला, तोंड शिवून बसलात, ती बिचारी महिनाभर धुसफुसतेय आन् तुमी मुकाट चहा पिताय, जल्मभर माजं ऐकलं नाय ते नाय, आता सुनंसंगं पन लपाछपी, राबाचं एवडं कवतिक आसंल तं जावा, त्या राबावरच भाकरी भाजून खावा.

बायकांचे हात थांबले होते. मीही हातात मूठ धरून उभी होते. एवढं सगळं बोलताना ती मधे एकदाही खोकली नव्हती. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मामा मान खाली घालून ऐकत होते, आणि तिने थांबावं असं आम्हां दोघांनाही वाटत नव्हतं.